बव्हेरियातील मठ-बिअर व मठनिवास

जर्मनीच्या आग्नेयेकडील बव्हेरिया राज्यात रेल्वेने बेनेडिक्टी (संत बेनेडिक्ट यांची नियमावली पाळणाऱ्या ख्रिस्ती भिक्षूंच्या) मठांना जाण्याची, सोय असेल तेथे मठाच्या अतिथिगृहात उतरण्याची व तेथेच तयार झालेली बिअर चाखण्याची प्रथा. वाइहेनश्टेफान, वेल्टेनबुर्ग व आंडेक्स ही तिची प्रमुख ठिकाणे.

अतिथी आणि बिअर यांचा संबंध जुना आहे. संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातील नियमावलीत (प्रकरण 53) आलेल्या पाहुण्याला साक्षात ख्रिस्त मानावे असे सांगितले आहे. पेय म्हणून तिच्यात द्राक्षमद्य येते, बिअर नाही. आल्प्सच्या उत्तरेस द्राक्षे पिकत नसल्याने बिअर आली, हे नेहमीचे स्पष्टीकरण अपुरे वाटते. कारण मध्ययुगीन बव्हेरियातही द्राक्षमळे होते. याबाबत सर्वांत बोलका पुरावा बव्हेरियाबाहेरचा, सेंट गालेन (स्वित्झर्लंड) येथे जपलेला मठाचा आराखडा हा आहे. पाच चर्मपत्रे शिवून त्यांवर सुमारे 820–830 च्या दरम्यान तो काढला असावा. त्यात भिक्षू, प्रतिष्ठित पाहुणे आणि यात्रेकरू व गोरगरीब यांच्यासाठी बिअर करण्याच्या तीन वेगळ्या जागा दाखवल्या असून त्या भटारखान्यांना जोडलेल्या आहेत. मठ या आराखड्याबरहुकूम बांधला गेला नाही. तरीही पाहुणचारात बिअरला कोणते स्थान होते, हे त्यावरून नेमके कळते.

प्राचीनत्वाचा वाद : फ्रायझिंग येथील वाइहेनश्टेफान ‘जगातील सर्वांत जुनी मद्यशाळा’ म्हणून ओळखली जाते. मठाधिपती आर्नोल्ड यांना 1040 मध्ये बिअर करण्याचा व विकण्याचा परवाना मिळाला, हा त्यामागचा आधार. मात्र हा दस्तऐवज सतराव्या शतकाच्या प्रारंभीचा बनावट असावा, असे मत अभ्यासकांत प्रबळ असून तेच अधिक ग्राह्य दिसते. परिसरातील हॉपच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या) मळ्याचा 768 मधील म्हणून सांगितला जाणारा उल्लेखही निर्णायक नाही. हॉप लावला म्हणजे तो बिअरमध्ये घातला, असे सिद्ध होत नाही. वेल्टेनबुर्ग आपली परंपरा 1050 पासून सांगतो व ‘सर्वांत जुनी मठ-मद्यशाळा’ म्हणवतो. मठाच्या स्थापनेचे वर्ष परंपरेने 617 च्या सुमारास मानले जाते. अनेक इतिहासकार ती आठव्या शतकात झाली असे धरतात. दोन्ही दाव्यांत अखंडतेचा प्रश्न उरतोच, कारण 1803 च्या सुमारास राज्याने मठांची मालमत्ता ताब्यात घेतली. वाइहेनश्टेफानचा मठ तेव्हा कायमचा संपला. तेथील मद्यशाळा आज राज्याच्या मालकीची आहे. बव्हेरियाच्या पहिल्या लूटव्हिख राजाने वेल्टेनबुर्गचे 1842 मध्ये पुनरुज्जीवन केले. आंडेक्स (मूळ स्थापना 1455) त्यानेच 1850 मध्ये म्यूनिकच्या संत बोनिफेस मठाला दिले. अस्सल मठ-बिअर म्हणायची तर वर्षांच्या शर्यतीपेक्षा मठ आजही नांदता आहे की नाही, हे पाहणे योग्य.

प्रवास : म्यूनिकहून एस-1 उपनगरी गाडी फ्रायझिंगला, तर एस-8 हेर्शिंगला जाते. हेर्शिंग स्थानकापासून आंडेक्सच्या टेकडीवर कीनटाल घळीतून सुमारे तासाभराची चढण आहे. यात्रेकरू पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी फार पूर्वीपासून येथे येत आहेत. मठाच्या पानगृहात खिडकीपाशी रांग लावून एक लिटरचा मग स्वतःच न्यायचा असतो. सुमारे 7 टक्के मद्यार्काची काळसर ‘डोप्पेलबॉक’ ही कडक बिअर विशेष प्रसिद्ध. वेल्टेनबुर्गसाठी रेगेन्सबुर्ग–इंगोलश्टाट मार्गावरील झाल स्थानकावर उतरून केलहाइम गाठावे. तेथून उन्हाळी हंगामात उंच चुनखडी कड्यांमधून डॅन्यूबवर बोट चालते. आझाम बंधू या अठराव्या शतकातील वास्तुकार-कलावंतांचे बरोक (अलंकारप्रचुर) शैलीतील चर्च मद्यशाळेच्या अंगणालगतच आहे. येथील अतिथिगृहात यात्रेकरू व एकांतवासासाठी आलेले लोक राहतात. प्रार्थनेच्या वेळा व शांतता पाळणे अपेक्षित असते.