ग्नावा संगीत आणि संचारावस्था

मोरोक्कोतील ग्नावा समाजाच्या रात्रभर चालणाऱ्या विधिसंगीतात काही व्यक्तींचे देहभान हरपते आणि त्यांच्या ठायी एखाद्या अदृश्य शक्तीचा संचार झाला असे मानले जाते. ह्या अवस्थेला तेथील अरबीत ‘जदबा’ म्हणतात. त्या शब्दाच्या धातूचा अर्थ ‘खेचणे’ असा असून हिंदी-उर्दूतून आपल्या कानावर पडणारा ‘जज्बा’ही त्याच धातूपासून आलेला आहे. मराठीतील ‘अंगात येणे’ हा शब्दप्रयोग जदब्याच्या बराच जवळ जातो.

सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज म्हणजे मूळचे ग्नावा. ह्या समाजाने इस्लाम स्वीकारला, तरी पूर्वजांच्या भूमीतील शक्तींची उपासना सोडली नाही. गुलामीतून मुक्त झालेले, इस्लाममधील पहिले मुअज्जिन म्हणजे नमाजाची बांग देणारे बिलाल यांना ते आपले आद्य पुरुष मानतात आणि एसाविरा ह्या बंदरगावी बिलाल यांच्या नावाचा मठही आहे.

संगीताचा कणा म्हणजे ‘गेंब्री’ हे तीन तारांचे मंद्र स्वराचे वाद्य. कोरलेल्या लाकडावर उंटाचे कातडे ताणून ते बनवतात. वादक तार छेडतानाच त्या कातड्यावर बोटांनी थापही देतो, त्यामुळे एकाच वाद्यातून सूर आणि ठेका दोन्ही निघतात. साथीला ‘क्राकेब’ ही लोखंडी चिपळ्यांसारखी वाद्ये असतात. त्यांची लय तीनाची की चाराची हे नवख्या श्रोत्याला ठरवता येत नाही, आणि गीत पुढे सरकते तशी ती चढत जाते.

हा विधी ज्या रात्री होतो तिला ‘लीला’ म्हणतात. शब्दाचा अर्थ केवळ ‘रात्र’, आपल्या लीलेशी त्याचा संबंध नाही. आजारी किंवा ‘झपाटलेल्या’ व्यक्तीसाठी ती घातली जाते. वादनाची सूत्रे ‘मालेम’ म्हणजे उस्तादाकडे असतात, तर विधीची व्यवस्था बहुधा ‘मुकद्दमा’ ही स्त्री पाहते. मिरवणूक व मनोरंजनाची नृत्ये आटोपल्यावर ‘म्लूक’ म्हणजे शक्तींचे आवाहन सुरू होते. प्रत्येक गटातील शक्तींचा रंग, धूप आणि गीते ठरलेली आहेत : समुद्राशी जोडलेल्या सिदी मूसाचा रंग निळा, रक्ताशी नाते असलेल्या सिदी हम्मूचा लाल, सिदी मिमूनचा काळा, लल्ला मीराचा पिवळा. रंगांचा क्रम सर्वत्र सारखा नसतो. आपल्या शक्तीचे गीत लागले की ती व्यक्ती उठते, तिच्या अंगावर त्या रंगाचे वस्त्र टाकतात, धुपाचे पात्र तिच्या नाकाशी धरतात आणि ती गेंब्रीसमोर घुमू लागते. मालेमची खरी परीक्षा येथे होते. नाचणाऱ्याच्या पावलांवर नजर ठेवून तो लय वाढवतो, एखादी स्वरावली पुन्हा पुन्हा वाजवतो, आणि शक्तीचे समाधान होईपर्यंत गीत थांबवत नाही. ते मध्येच तोडणे अपायकारक मानले जाते.

ह्या सामर्थ्याचे मूळ निव्वळ नादात शोधणे मात्र फसवे आहे. ठेक्याच्या आवर्तनांचा मेंदूवर थेट परिणाम होऊन संचार घडतो, ही कल्पना फ्रेंच अभ्यासक गिल्बेर रूझे यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात खोडून काढली. तसे असते तर वाद्यांच्या सर्वांत जवळ बसलेले वादकच आधी घुमू लागले असते. ते तर पहाटेपर्यंत भानावर राहून वाजवत असतात. शिवाय एकाच खोलीत तेच संगीत ऐकणाऱ्यांपैकी कोणी काळ्या रंगाला उठतो, कोणी पिवळ्याला, आणि पुष्कळजण उठतच नाहीत. लहानपणापासून पाहिलेला विधी, विशिष्ट शक्तीशी जडलेले नाते, धुपाचा वास, जागरणाचा शीण आणि भोवतालच्यांची अपेक्षा ह्या सगळ्यांना संगीत नेमक्या क्षणी एकत्र आणते. त्याचे काम इतकेच, पण त्यावाचून बाकीचे निष्फळ.

रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात लीला विशेष होतात. रमजानात म्लूक कोंडलेले असतात अशी समजूत असल्याने त्या महिन्यात त्या सहसा होत नाहीत. एसाविरा येथे १९९८ पासून ग्नावा संगीताचा महोत्सव भरतो आणि २०१९ मध्ये युनेस्कोने ह्या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. महोत्सवाच्या मंचावर तीच गीते जाझवादकांच्या साथीने वाजतात, परंतु तेथे धूप, बळी आणि रंगीत वस्त्रांचा क्रम नसतो.