बोन ग्राफ्टची प्राणिचाचणी (दंतशास्त्र)

दात काढल्यावर किंवा पायोरियाने जबड्याच्या हाडात खड्डा पडतो. तो भरण्यासाठी हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट, बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, बायोग्लास, प्रथिने काढलेले गुरांचे हाड असे पदार्थ वापरतात. यांनाच बोन ग्राफ्ट म्हणतात. हे पदार्थ खरोखर नवे हाड उभे करतात की नुसती जागा अडवून बसतात, हे प्राण्यांवर पारखण्याची ही पद्धत आहे.

मराठवाड्यात हे काम करायचे तर दोन विद्याशाखा एकत्र याव्या लागतात. छत्रपती संभाजीनगर आणि लातूर येथे दंत महाविद्यालये आहेत, तर परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये. भूल आणि नंतरची शुश्रूषा पशुवैद्यकाच्याच हाती असावी. उंदीर किंवा सशावरील प्रयोगाला संस्थेची प्राणी नीती समिती मंजुरी देते. शेळी, कुत्रा असे मोठे प्राणी असतील तर प्रस्ताव केंद्रीय समितीकडे जातो. त्यासाठी लागणारा वेळ आधीच हिशेबात धरावा.

सुरुवातीला न्यूझीलंड व्हाइट जातीचा ससा सोयीचा. वय 6 महिन्यांच्या पुढे, वजन 3 किलोच्या आसपास. वाढत्या वयाच्या सशाचे हाड काहीही न भरताही भरून येते, मग ग्राफ्टचे श्रेय कशाला द्यायचे? सशाच्या कवटीत आपोआप न बुजणारे भोक साधारण 15 मिमीचे मानतात. एकाच कवटीत 8 मिमीची चार भोके पाडण्याची पद्धतही रूढ आहे, पण ती फक्त 4 आठवड्यांपर्यंतच्या तुलनेला चालते. चारपैकी एक भोक रिकामे ठेवलेच पाहिजे. रिकाम्या भोकाशिवाय केलेल्या चाचणीला अर्थ नाही.

सशाला उलटी होत नाही, म्हणून भुलेआधी त्याला उपाशी ठेवत नाहीत. केटामाइन 35 आणि झायलाझिन 5 मिग्रॅ प्रति किलो स्नायूत देतात. केस काढून, त्वचा निर्जंतुक करून मध्यरेषेवर छेद घेतात आणि हाडावरचे आवरण न फाडता उचलतात. ट्रिफाइन (हाडात गोल भोक पाडणारे दातेरी नळीसारखे हत्यार) मिनिटाला 1500 फेऱ्यांच्या आत आणि सलाइनच्या सतत धारेखाली चालवतात. हाड 47 अंश सेल्सिअसला मिनिटभर तापले तरी कडेच्या पेशी मरतात, आणि मग ग्राफ्ट उगाच बदनाम होतो. मध्यरेषेखाली मोठी शीर असल्याने तिच्यापासून अंतर राखावे. शेवटचा पापुद्रा ट्रिफाइनने न कापता एलिव्हेटर या चपट्या हत्याराने उचलावा. खालचे मेंदूचे आवरण फाटले तर ते भोक हिशेबातून बाद.

ग्राफ्टचे कण 250 ते 1000 मायक्रॉनचे घेतात. प्रत्येक भोकात तोलून तेवढाच ग्राफ्ट सलाइनने भिजवून घालावा. ठासून भरला की कणांमधली जागा संपते, रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत आणि मधोमध नुसती तंतुमय ऊती उरते. आवरण आणि त्वचा वेगवेगळी शिवावी.

दंतवैद्याच्या हाताला अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाची सवय असते. सशाला ते तोंडावाटे दिले तर आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरून जुलाब लागतात आणि ससा दगावू शकतो. एन्रोफ्लॉक्सासिन त्या मानाने सुरक्षित. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम किमान तीन दिवस द्यावे. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी कानांवाटे बाहेर पडते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यात वीज गेली की शस्त्रक्रियेतून वाचलेले ससे पिंजऱ्यात दगावतात. जनरेटरची सोय नसेल तर काम दिवाळीनंतर सुरू करून होळीपर्यंत उरकावे.

पुढच्या टप्प्याला उस्मानाबादी शेळी इथे सहज मिळते, पण ती दिसते तितकी सोपी नाही. झायलाझिन तिला सशाच्या मानाने फारच थोडे लागते. सशाचा डोस दिला तर शेळी हाताची जाते. आडवी पडली की पोट फुगते आणि रवंथ घशात येतो, म्हणून श्वासनलिकेत नळी हवीच. रवंथामुळे जबडा तासन्‌तास हलत राहतो आणि तोंडातले टाके उसवतात. त्यासाठी जबड्याच्या खालच्या कडेने, बाहेरून छेद घेणे बरे. बाजारातून आणलेल्या शेळीला पूर्वी ऑक्सिटेट्रासायक्लिन टोचलेले असू शकते. ते हाडात बसते आणि प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली पिवळ्या रेषा दाखवते. हाडवाढीची तारीख कळावी म्हणून आपण मुद्दाम रंगद्रव्ये टोचलेली असतील, तर सगळा घोटाळा होतो. पिण्याचे पाणीही तपासावे. किनवट भागातल्या काही गावांत ते फ्लोराइडयुक्त आहे, आणि फ्लोराइडने हाडाची घडणच बदलते.

क्ष-किरणात पांढरे दिसते ते हाड, ही सर्वात मोठी फसगत. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा कणही तितकाच पांढरा दिसतो. खात्री होते ती ऊतिपरीक्षणानेच. नमुना 10 टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये ठेवून मग ईडीटीए या कॅल्शियम काढून घेणाऱ्या रसायनात काही आठवडे चुनारहित करतात. यात कॅल्शियम फॉस्फेटचे कणही विरघळतात आणि जागी रिकामी भोके राहतात. उरलेला ग्राफ्ट मोजायचा असेल तर नमुना चुनारहित न करता रेझिनमध्ये बसवून घासून पातळ करावा लागतो. काप भोकाच्या केंद्रातूनच हवा. 8 मिमीच्या भोकाचा काप केंद्रापासून 2 मिमी सरकला तर रुंदी 6.9 मिमीच दिसते, आणि निकाल आपोआप चांगला वाटतो. नवे हाड, उरलेला ग्राफ्ट आणि मऊ ऊती यांची टक्केवारी वेगवेगळी मांडतात. मोजणाऱ्याला कोणत्या भोकात काय होते हे ठाऊक नसावे.

आठ सशांतली बत्तीस भोके म्हणजे बत्तीस नमुने नव्हेत, ससे आठच. हाडाच्या नूतनीकरणाचे एक चक्र सशात सुमारे 6 आठवड्यांचे, कुत्र्यात 12 आणि माणसात सुमारे 17 आठवड्यांचे असते. त्यामुळे सशात आठव्या आठवड्याला भरलेले भोक पाहून रुग्णाला दोन महिन्यांत इम्प्लांट (हाडात रोवायचे कृत्रिम दाताचे मूळ) बसवण्याचा सल्ला देता येत नाही.