माळ्यावरच्या चित्राला भाव विचारण्याआधी भिंग लावा

ठाण्याच्या नौपाड्यात बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की घरोघरचे माळे रिकामे होतात आणि त्यात हमखास एखादी जुनी फ्रेम निघते, आत लाल-काळे चौकोन, एखादा गोल, खाली पेन्सिलीतली न लागणारी सही. मग फॅमिली ग्रुपवर फोटो पडतो, कोणीतरी लिहितं अरे हे चित्रकार रझा तर नाही ना, आणि दुसरा लगेच लिलावाचे कोटींचे आकडे टाकतो. ते आकडे कॅनव्हासचे असतात हो, प्रिंटचा, म्हणजे चित्रकाराने प्लेट, दगड किंवा जाळीवरून छापलेल्या प्रतींचा, बाजारच वेगळा. पण म्हणून भंगारवाल्यालाही देऊ नका.

माझं म्हणणं, सही सगळ्यात शेवटी बघायची. सही कोणीही ठोकून देतं, शाई आणि कागदाची नक्कल करणं त्यापेक्षा खूप अवघड. सोनाराकडे असतं तसं 10 पटीचं भिंग घ्या आणि रंगाच्या कडेवर धरा. निळसर, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके ठराविक कोनात बसून बारीक फुलं झालेली दिसली तर ते ऑफसेट, म्हणजे कॅलेंडर-पोस्टर छापतात तीच पद्धत. ठिपके आहेत पण नुसते विस्कटून उडवल्यासारखे, तर बहुतेक इंकजेट, आणि मग 1960 चं असण्याचा प्रश्नच मिटला. लिथोग्राफमध्ये दगडावर तेलकट खडूने काढलेलं असतं, त्याचा वेडावाकडा रवा दिसतो. स्क्रीनप्रिंटमध्ये रंग जाळीतून दाबून उतरवतात, त्याचा सपाट जाड थर असतो, टॉर्च बाजूने आडवा मारला की कडेची उंची चक्क दिसते. एक सांगून ठेवतो, त्या काळात काही चित्रकारांनी मुद्दाम फोटो आणि ठिपके वापरूनच प्रिंट केल्यात, त्यामुळे ठिपके दिसले की लगेच निकाल लावू नका.

मला सगळ्यात भारी वाटतं ते प्रिंट करणारे आपले चित्रकार कृष्णा रेड्डी यांचं काम. पॅरिसमध्ये हेटर या ब्रिटिश चित्रकाराच्या अतेलिए 17 या छपाईच्या स्टुडिओत 1950 च्या दशकात त्यांनी आणि सोबतच्या लोकांनी एकाच धातूच्या प्लेटवरून अनेक रंग एकदम छापायची पद्धत बसवली. प्लेट वेगवेगळ्या खोलीवर कोरायची, शाईत जवसाचं तेल कमीजास्त करून एक पातळ, एक घट्ट करायची, मग कडक रोलर फक्त वरच्या भागाला लागतो, मऊ रोलर खाली खड्ड्यात उतरतो, आणि तेलाचं प्रमाण वेगळं असल्यामुळे एक शाई दुसरीवर बसायला नकार देते! मग प्लेट प्रेसमधून एकदाच जाते. अशा प्रिंटच्या चारी बाजूंना प्लेटची दाबलेली कड कागदात बोटाला लागते. अर्थात कड खोटीही दाबता येते, म्हणून भिंग सोडायचं नाही.

मग कागद. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च अंधारात मारा. साधारण 1950 नंतर कागदात पांढरेपणासाठी रसायनं घालायला लागले, ती यूव्ही शोषून निळा उजेड देतात. म्हणजे 1935 ची म्हणून दाखवलेली प्रिंट निळी झळकली तर संशय घ्यायचा, पण नाही झळकली म्हणून ती जुनीच असं नाही, आजचा चांगला सुती कागदही गप्प राहतो.

ठाण्याच्या हवेचा हिशोब वेगळा. मागे हार्डबोर्ड, समोर स्वस्त माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा खिडकी कापलेला पुठ्ठा, आणि वर चार महिने पाऊस. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन हळूहळू आम्ल सोडतं, ते कागदातल्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं, आणि माउंटच्या खिडकीभोवती तपकिरी चौकट उमटते. ओलीने बुरशी धरते, तपकिरी ठिपके पडतात, कसर लागते ती वेगळीच. प्रिंट काचेला चिकटलेली असेल तर प्लीज ओढू नका, कागदासोबत रंग येतो, ते काम कन्झर्व्हेटरचं, म्हणजे जुनी चित्रं-कागद जपून दुरुस्त करणाऱ्याचं.

आता सही. पेन्सिलीची खरी सही कागदात दाबलेली असते आणि तिरक्या उजेडात चमकते, ऑफसेटने छापलेली असेल तर तीही ठिपक्यांतच फुटते. शेजारी 23/75 असेल तर 75 प्रतींतली ही एक, पण 23 वी छापलेली असंच काही नाही, नंबर टाकताना क्रम कोणी फारसा पाळत नाही.

फ्रेमवाल्यांनी बऱ्याचदा फ्रेममध्ये बसावं म्हणून मार्जिनच कापलेली असते, आणि भाव तिथे पडतो. किंमत बघताना तीच प्रिंट, तशीच अवस्था आणि प्रत्यक्षात विकली गेलेली किंमत बघा, वेबसाइटवर कोणी मागतंय ती नाही. लिलाववाल्यांना पाठवताना पुढचा, मागचा आणि खालच्या मार्जिनचा फोटो द्या, चित्राचं आणि पूर्ण कागदाचं माप सेंटीमीटरमध्ये वेगवेगळं लिहा, काचेवर ट्यूबलाइट चमकतेय असा फोटो पाठवलात तर ते उत्तर तरी काय देणार.