रेंज फुल्ल, तरी नेट का अडतं?

डिसेंबर २०१९ मध्ये फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’ ही राइड सुरू झाली. सुरुवातीला तिच्यासाठी नेहमीसारखी रांग नव्हती. सकाळी पार्कात शिरायचं, पार्क उघडण्याची वेळ झाली की ॲपमधलं बटण दाबायचं आणि आपला गट क्रमांक मिळवायचा. क्रमांक काही मिनिटांत संपायचे. म्हणजे हजारो माणसं एकाच जागी उभी राहून एकाच क्षणी एकच बटण दाबणार! मोबाइल नेटवर्कवर याहून वाईट प्रसंग ओढवणं अवघड आहे.

अशा वेळी फोनकडे बघितलं तर सिग्नलच्या दांड्या भरलेल्या दिसतात आणि ॲपवर मात्र चक्र फिरत राहतं. आपण वैतागून फोन हवेत धरतो, दोन पावलं इकडेतिकडे करतो. त्याने फारसं काही होत नाही, कारण दांड्या फक्त टॉवरचा आवाज फोनला किती स्पष्ट ऐकू येतो एवढंच सांगतात. टॉवरला आपल्यासाठी वेळ आहे का, हे त्या सांगत नाहीत. लग्नाच्या पंगतीत वाढपी समोर दिसतोय, हातात बुंदीचं पातेलंही आहे, पण चारशे पानांना तो एकटाच. तसंच हे.

आकड्यांत मांडायचं तर ४जीचा २० मेगाहर्ट्झचा वारंवारितेचा एक पट्टा आणि दोन अँटेना असतील, तर आदर्श स्थितीत सेकंदाला सुमारे १५० मेगाबिट मिळतात. टॉवर दर एक मिलिसेकंदाला ठरवतो की या पट्ट्याचे तुकडे कोणाकोणाला द्यायचे. समजा, त्याच्या टप्प्यात ४०० जण एकाच वेळी काही मागतायत. प्रत्येकाच्या वाट्याला ०.४ मेगाबिटही येत नाही, आणि हा झाला कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात गर्दीत उभ्या शरीरांमधलं पाणी लहरी शोषून घेतं, आजूबाजूचे टॉवर एकमेकांत लुडबुड करतात, आणि हाती येतं ते याहून बरंच कमी.

पण खरी गंमत त्याच्याही आधी घडते. काही काळ शांत असलेल्या फोनला टॉवरशी बोलायचं असेल, तर आधी ‘मी इथे आहे’ असं कळवावं लागतं. त्यासाठी प्रत्येक सेलमध्ये, म्हणजे एका अँटेनाच्या टप्प्यातल्या भागात, जेमतेम ६४ ठरावीक हाका असतात आणि फोन त्यातली एक सहसा मनानेच निवडतो. दोन फोनांनी त्याच वेळी तीच हाक निवडली, तर गफलत होते आणि निदान एकाला तरी थोडं थांबून पुन्हा हाक मारावी लागते. या पद्धतीचं मूळ अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठात आहे. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटांवरचे संगणक रेडिओने जोडणारं ‘अलोहानेट’ १९७१ मध्ये चालू केलं. डिस्ने वर्ल्डचं दारही त्याच वर्षी उघडलं, हा निव्वळ योगायोग. अलोहाच्या मूळ पद्धतीचं गणित निर्दय होतं: वाहिनीचा फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो, बाकीचा रिकामा जातो किंवा टकरींत वाया जातो. वेळेचे कप्पे पाडले तर हाच आकडा ३७ टक्क्यांवर जातो. त्यापुढे गर्दी वाढली की उपयोगी काम वाढत नाही, उलट घटतं. बटण दाबूनही काहीच झालं नाही म्हणून आपण ते आणखी चार वेळा दाबतो, तेव्हा आपणही त्यात भर घालत असतो.

पार्कातल्या रात्रीच्या आतषबाजीत अडचण वेगळी असते. तेव्हा लोकांना काही मागवायचं नसतं, पाठवायचं असतं. टॉवर दहावीस वॉट किंवा त्याहून जास्त ताकदीने बोलतो, तर फोन सहसा जास्तीत जास्त ०.२ वॉटने. शिवाय बऱ्याच ५जी पट्ट्यांत येणारी आणि जाणारी माहिती आळीपाळीने एकाच वाटेने चालते आणि बहुतेक वेळ येणाऱ्या माहितीसाठी राखलेला असतो. रोजच्या आयुष्यात ते बरोबरच आहे, कारण आपण बघतो जास्त आणि पाठवतो कमी. डिस्नेच्या किल्ल्यासमोर आतषबाजी बघत उभ्या गर्दीत हे समीकरण उलटं होतं. एका मिनिटाचं ४के चित्रण आयफोनवर सुमारे १७० मेगाबाइट भरतं. त्यात क्लाउड बॅकअप चालू असेल, तर आपल्याला पत्ताही न लागता तो फोन रांगेत धक्काबुक्की करत राहतो.

गर्दीवरचा उपाय १९४७ पासून माहीत आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत त्या वर्षी एक टिपण लिहिलं गेलं: एक मोठा टॉवर उभारण्याऐवजी भूभागाचे षटकोनी तुकडे पाडा आणि थोड्या अंतरावर तीच वारंवारिता पुन्हा वापरा. थीम पार्कात हे तुकडे अगदी लहान करावे लागतात. कमी ताकदीचे कितीतरी अँटेना पार्कभर विखरून ऑप्टिकल फायबरने जोडायचे आणि सजावटीत दडवायचे, कारण परीकथेतल्या किल्ल्याशेजारी मोबाइल टॉवर कोणाला चालणार? तुकडे हवे तितके लहान मात्र करता येत नाहीत. ते जितके लहान, तितक्या त्यांच्या सीमा जास्त, आणि सीमेवर शेजारच्याचा गोंगाट ऐकू येतोच.

डिस्नेची मला आवडलेली युक्ती वेगळीच आहे. २०१३ मध्ये त्यांनी मनगटावर बांधायचा ‘मॅजिकबँड’ आणला. दारावर तो टेकवला की आतली चिप वाचली जाते आणि पुढचं काम पार्कच्या स्वतःच्या जाळ्यावर चालतं. पाहुण्याच्या फोनला इंटरनेट आहे की नाही, हा प्रश्नच येत नाही. गर्दीत सगळ्यात भरवशाचा संदेश म्हणजे जो हवेतून पाठवावाच लागत नाही तो.

मुंबई-पुण्याहून मुलांकडे अमेरिकेला गेलेले आणि तिथून डिस्ने वर्ल्डसाठी ओरलँडोला निघालेले आईबाबा आणखी एका भानगडीत सापडतात. भारतातल्या सिमवर रोमिंग चालू असेल, तर सहसा तुमची माहिती आधी भारतातल्या कंपनीच्या यंत्रणेत जाते आणि तिथून इंटरनेटला लागते. ओरलँडो ते मुंबई साधारण १४ हजार किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका खेपेला निदान ७० मिलिसेकंद. ॲपचा सर्व्हर अमेरिकेतच असेल तर विनंती भारतात जाणार, परत अमेरिकेत येणार, उत्तर पुन्हा भारतात आणि तिथून तुमच्या हातात. चार खेपांचे २८० मिलिसेकंद, आणि तेही केबल सरळ रेषेत टाकली आहे असं धरून. एक पान उघडायला अशा बऱ्याच फेऱ्या लागतात. तिथलं स्थानिक सिम घेतलं की हा वळसा टळतो. प्रवासासाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ई-सिमही तिसऱ्याच देशातून फिरून येतात, तेव्हा घेण्याआधी विचारलेलं बरं.

पार्कचं फुकट वायफाय कामाला येतं, पण २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न छेदणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत. ५ गिगाहर्ट्झवर जागा पुष्कळ, पण पल्ला कमी. छताखालच्या हॉटेलात, भिंतींच्या आडोशाला वायफाय बरं चालतं. उघड्या चौकात मोबाइल डेटा. निदान मी तरी असंच निवडेन.

तिकिटाचा क्यूआर कोड आदल्या रात्रीच स्क्रीनशॉट काढून ठेवावा, नकाशा उतरवून घ्यावा. जीपीएस फक्त ऐकतं, त्यामुळे ते इंटरनेटशिवायही ‘तुम्ही इथे आहात’ हे दाखवतं. चुकामूक झाली तर व्हॉट्सॲपवरचा फोटो नाही, साधा एसएमएस पाठवावा: मजकूर १४० बाइटचा, आणि समोरच्याचा फोन सापडला नाही तर मोबाइल कंपनीचं एसएमएस केंद्र तो जपून ठेवतं व पुन्हा प्रयत्न करतं. क्लाउड बॅकअप हॉटेलवर परत येईपर्यंत बंद.

राहता राहिला वेग. रोलर कोस्टरवर नेट तुटतं ते वेगामुळे, असं बऱ्याच जणांना वाटतं. खोपोलीजवळच्या इमॅजिकातला ‘नायट्रो’ ताशी सुमारे १०५ किलोमीटरने धावतो. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीच्या वारंवारितेत त्यामुळे पडणारा फरक १७५ हर्ट्झच्या आसपास. ४जीच्या पट्ट्यातल्या बारीक उपवाहिन्या एकमेकींपासून १५,००० हर्ट्झ अंतरावर असतात. ताशी ३५० किलोमीटरच्या रेल्वेसाठी बनवलेल्या तंत्राला हे काहीच नाही. उलट २०२२ मध्ये ओहायोतल्या किंग्ज आयलंड पार्कात नवीन आयफोन १४ ने कोस्टरचे धक्के मोटारीचा अपघात समजून थेट ९११ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावले होते. नंतर ॲपलने सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा केल्या, तरी राइडवर चढण्याआधी एअरप्लेन मोड लावलेला बरा.