समुद्री टाकीतलं शेवाळ आणि शून्य फॉस्फेटचा चकवा

खडकांवर बोटभर हिरवं गवत माजलंय, पंपाच्या तोंडाशी त्याच्या जटा लोंबताहेत, आणि टेस्ट किट मात्र म्हणतं, शेवाळाचं खत असलेलं फॉस्फेट शून्य. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या बहुतेकांना हा गोंधळ कधी ना कधी गाठतोच. किट खोटं बोलत नसतं. पाण्यात उतरेल तेवढं फॉस्फेट शेवाळ लगोलग गिळत असतं आणि किटला मोजता येतं ते फक्त उरलेलं. गल्ला रिकामा दिसला म्हणून दिवसभर धंदाच झाला नाही असं थोडंच असतं. पैसा आला तसा गेलेला असतो.

इथे पहिली चूक होते. आकडा शून्य आहे, म्हणजे दोष प्रकाशाचा असणार, असं समजून दिवे कमी केले जातात. नाहीतर उलट, शून्यावरही समाधान न मानता फॉस्फेट शोषणारी आणखी औषधं ओतली जातात. दोन्हींच्या आधी एक काम करायला हवं, ते म्हणजे टाकीत नेमकं काय वाढतंय हे ओळखणं. ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो त्यात किमान चार-पाच अगदी वेगळे जीव येतात आणि एकाचं औषध दुसऱ्याचं खाद्य ठरू शकतं.

सगळ्यात निरुपद्रवी म्हणजे नव्या टाकीत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाळूवर बसणारा तपकिरी भुगा. हे डायटम. त्यांचं कवच सिलिकाचं असतं; पाण्यातलं सिलिकेट संपलं की ते आपसूक ओसरतात. काच पुसा आणि वाट बघा. सहा महिने जुन्या टाकीत मात्र तोच भुगा पुन्हा दिसला तर संशय पाण्यावर घ्यायचा.

पाण्याचा मुद्दा आपल्याकडे फार अडतो, म्हणून थोडं थांबून सांगायला हवं. टाकीतून वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी. क्षार मागेच राहतात. २०० लिटरच्या टाकीतून रोज ३ लिटर पाणी उडत असेल आणि ती तूट ८० टीडीएसच्या (लिटरमागे ८० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असलेल्या) पाण्याने भरली, तर महिन्याला सुमारे ७ ग्रॅम नको ते पदार्थ टाकीत साचतात. ‘आमच्याकडे आरओ आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच प्युरिफायरमध्ये टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. चव यावी म्हणून तो मेंब्रेनमधून न गेलेलं थोडं पाणी परत मिसळतो. काहींत शेवटी खनिजं घालणारं काडतूसही असतं. माणसासाठी हे ठीक आहे, टाकीसाठी नाही. मेंब्रेनमधून थेट येणारी नळी वेगळी काढून पुढे डीआय रेझिन, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषणारे दाणे, जोडायचं आणि मीटरवर ० दिसायला हवं. त्यातही एक मेख आहे. रेझिन थकायला लागलं की सगळ्यात आधी सिलिका निसटते, आणि ती टीडीएस मीटरला जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे मीटर १ किंवा २ दाखवू लागला की रेझिन बदलायचं, १० होण्याची वाट पाहायची नाही.

किनाऱ्यावरून कॅनमध्ये भरून आणलेलं समुद्राचं पाणी फुकट असतं, पण शहरालगतच्या समुद्रात सांडपाण्याबरोबर नायट्रेट-फॉस्फेट उतरतं आणि पावसाळ्यात खारटपणाही घसरतो. मिठाच्या बादलीचे पैसे वाचवून शेवाळाचं बियाणं आणि खत घरी आणण्यात हशील नाही.

आता मुख्य उपद्रवी, केसाळ हिरवं शेवाळ. डर्बेसिया, क्लॅडोफोरा अशी त्यात बरीच मंडळी आहेत. नुसत्या डोळ्यांनी त्यांच्यात फरक करणं कठीण आणि बहुतेक वेळा अनावश्यकही. हे वाढतं ते खाद्यातून येणाऱ्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. गोठवलेलं खाद्य वितळवल्यावर सुटणारं पाणी ओतून द्यावं असं सांगतात. द्या, पण त्यातून फार काही वाचत नाही, कारण बहुतांश फॉस्फरस खाद्याच्या आतच असतो. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच घालणं जास्त कामाचं.

केसाळ शेवाळाविरुद्ध हाताने काढण्याइतकं परिणामकारक काही नाही, फक्त ते टाकीत घासून काढायचं नाही. घासलेले तुकडे प्रवाहाबरोबर चारी कोपऱ्यांत जातात आणि तिथे रुजतात. पाणी बदलण्याच्या दिवशी काढलेलं खारं पाणी दोन बादल्यांत घ्या. खडक पहिल्या बादलीत धरून कडक टूथब्रशने घासा, दुसरीत विसळा आणि परत ठेवा. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त खडक बाहेर काढू नका. जे खडक हलत नाहीत, तिथे १२ मिलिमीटरची नळी सायफनला लावून तिच्या तोंडाशीच शेवाळ पिळत उपटा, म्हणजे तुकडे थेट बादलीत जातील.

चिवट जागेवर हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. औषधाच्या दुकानात सहसा ६ टक्क्यांचं मिळतं. तेवढंच आरओ पाणी मिसळून ते ३ टक्क्यांवर आणायचं. खडक बाहेर काढून सिरिंजने थेंब सोडायचे, दोन-तीन मिनिटं फेसाळू द्यायचं, खाऱ्या पाण्यात धुऊन परत ठेवायचं. दोन दिवसांत तो भाग पांढरा पडतो. प्रवाळावर थेंब पडू द्यायचा नाही, आणि कोळंबीची जात याला फार नाजूक असते म्हणून न धुता खडक आत ठेवायचा नाही.

गोगलगाईंची पाळी यानंतर येते. पुष्कळ लोक बोटभर वाढलेल्या रानात वीस गोगलगाई सोडतात आणि त्या काही खात नाहीत म्हणून कुरकुरतात. टर्बो किंवा ट्रोकस लांब केस खात नाहीत. त्यांना हवं असतं घासून उरलेलं खुंट. टर्बोचं प्रमाण ३० ते ४० लिटरमागे एक, याहून जास्त नको. ट्रोकस उलटी पडली तर स्वतः सरळ होते, अ‍ॅस्ट्रिया होत नाही आणि तशीच मरते. नवख्याने ट्रोकस घ्यावी. पिशवीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी यांचा खारटपणा वेगळा असेल तर एक-दीड तास थेंब-थेंब पाणी सोडून त्यांना सवय करायची. पूर्वी कधी माशांसाठी तांब्याचं औषध त्याच टाकीत घातलं असेल तर गोगलगाई तिथे जगतीलच असं नाही.

मग फॉस्फेट. खडक आणि वाळू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटून राहतं. पाण्यातलं कमी झालं की ते खडकातून परत सुटतं. म्हणून ३० टक्के पाणी तीन वेळा बदललं तर ४० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) नायट्रेट १४ च्या आसपास येतं, फॉस्फेट मात्र चार दिवसांत जिथल्या तिथे. त्यासाठी लोहाच्या ऑक्साइडचे दाणे, म्हणजे जीएफओ वापरतात. डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव भागाने सुरुवात करायची, दर दोन-तीन दिवसांनी मोजायचं. आकडा एकदम पडला तर शेवाळाआधी प्रवाळ मरतं. कडेपासून मांस सुटून पांढरा सांगाडा उरतो. मोजायला रंगपट्टीचं किट निरुपयोगी, कारण ० आणि ०.०५ यातला फरक डोळ्याला कळत नाही. डिजिटल कलरीमीटर घ्या. तो फॉस्फरस पीपीबीमध्ये (पीपीएमच्या हजाराव्या भागात) दाखवत असेल तर आकड्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागायचं. २० पीपीबी म्हणजे ०.०६ पीपीएम फॉस्फेट. लक्ष्य ०.०३ ते ०.१ पीपीएम, आणि नायट्रेट २ ते १० पीपीएम.

शेवाळ वाढणारच असेल तर ते आपण ठरवू तिथे वाढवावं, हाही एक चांगला मार्ग. सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत, कीटोमॉर्फा नावाचं शेवाळ ठेवून रात्री त्यावर दिवा लावतात, किंवा खरबरीत जाळीवरून पाणी सोडून तिच्यावर शेवाळ वाढवतात आणि दर आठवड्याला खरवडतात. ही जाळीची पद्धत अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर एडी यांची. खरवडलेलं शेवाळ टाकीबाहेर जातं, त्याच्याबरोबर फॉस्फेटही.

पिसासारखं, मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी फाटे फुटलेलं शेवाळ असेल तर ते ब्रायॉप्सिस. नायट्रेट-फॉस्फेट कितीही उतरवा, त्याला सोयरसुतक नसतं. याला बुरशीवरचं फ्लुकोनाझोल लागू पडतं. मात्रा लिटरमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅमची एक गोळी ३० लिटर पाण्याला. पाणी गाळणारा कार्बन (कोळसा) काढून ठेवायचा, पाणी निर्जंतुक करणारा यूव्ही दिवा बंद, फेसातून घाण काढणाऱ्या स्किमरचा कप काढून नुसती हवा चालू. पहिला आठवडा काहीच दिसत नाही आणि लोक दुसरी मात्रा टाकतात. तसं करायचं नाही. दोन-तीन आठवड्यांनी ते फिकट होऊन विरघळतं. कुजताना फॉस्फेट वर जातं, त्याची तयारी ठेवायची आणि शेवटी ३० टक्के पाणी बदलून कार्बन परत लावायचा.

लालसर-जांभळी, बोटाने सालासारखी निघणारी बुळबुळीत चादर म्हणजे शेवाळच नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया. त्यांच्यातल्या काही जाती पाण्यात विरघळलेल्या हवेतला नायट्रोजन वापरू शकतात. म्हणून नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट थोडंसं शिल्लक असलं की त्यांना मोकळं रान मिळतं. चादर सायफनने ओढून घ्या, जिथे गाळ साचतो तिथे पॉवरहेड (प्रवाह देणारा पंप) वळवा, नायट्रेट ५ पीपीएमवर आणा. एरिथ्रोमायसिनने दोन दिवसांत टाकी चकाचक होते हे खरं, पण मेलेला पसारा कुजताना प्राणवायू खातो आणि कारण तसंच राहिल्याने चादर परतते. प्रतिजैविक हा शेवटचा उपाय.

नायट्रेट वाढवायला सोडियम नायट्रेट वापरतात. १३.७ ग्रॅम एक लिटर आरओ पाण्यात विरघळवलं, तर त्यातले १० मिलिलिटर १०० लिटर टाकीत १ पीपीएमची भर घालतात. दिवसाला त्याहून जास्त नको.

शून्याच्या हव्यासाची खरी किंमत मोजायला लावतात ते डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव. कोकण किनाऱ्यावर कधीकधी रात्री लाटा निळ्या चमकतात, ती नॉक्टिल्युका याच गोतावळ्यातली. टाकीतले भाऊबंद मात्र दिसायला अगदी ओंगळ. तपकिरी शेंबडासारखे धागे, टोकाला हवेचे बुडबुडे, दिवसभर वाढतात आणि रात्री निम्मे गायब होतात. गोगलगाई मरू लागल्या तर शंका पक्की. खात्री करायला थोडा चिकटा टाकीच्या पाण्यात बाटलीत जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवा. तासाभरात त्यात पुन्हा धागे जमले तर डायनो.

स्वच्छता वाढवली की हे वाढतात, कारण शून्यावर त्यांचे प्रतिस्पर्धी उपाशी मरतात. तेव्हा जीएफओ काढा, पाणी बदलणं थांबवा, नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ वर न्या. सूक्ष्मदर्शकाखाली थेंबाच्या आकाराचे, एका बिंदूला बांधल्यासारखे गरगरणारे दिसले तर ऑस्ट्रिऑप्सिस. ते रात्री पाण्यात उतरतात, म्हणून दर १० ते १२ लिटरला १ वॉट असा यूव्ही थेट मुख्य टाकीला जोडला की ते सापडतात. लंबगोल आणि सरपटणारे असतील तर अँफिडिनियम. ते वाळू सोडत नाहीत आणि यूव्हीचे पैसे वाया जातात. तिथे सिलिकेट घालून मुद्दाम डायटम वाढवावे लागतात, म्हणजे नव्या टाकीत ज्याला हाकललं त्यालाच बोलवावं लागतं.

हातमोजे घाला. २००५ मध्ये इटलीतल्या जेनोआच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रिऑप्सिस माजलं तेव्हा समुद्रावरून आलेल्या फवाऱ्यात श्वास घेऊन सुमारे २०० लोक आजारी पडले होते. टाकीत प्रमाण कमी असतं, तरी कार्बन चालू ठेवा आणि शेवाळ मारायला खडक कधीही उकळू नका. झोअँथिडसारखा, प्रवाळाच्या गोतातला विषारी जीव त्यावर असेल तर त्याच्या विषाची वाफ घरभर पसरते.

हिरव्या मण्यांसारखं बबल शेवाळ, व्हॅलोनिया, यापुढे किरकोळ. प्रत्येक मणी म्हणजे एकच पेशी, कधीकधी सुपारीएवढी. नखाने किंवा बोथट चिमट्याने बुडापासून उचकटा, फुटलाच तर सायफनची नळी शेजारी तयार ठेवा, आणि मणी बारीक असतानाच हे करा. खडकाच्या भेगेत घोस झाला की छिन्नी लागते.