द न्यूटन बॉईज (चित्रपट)

द न्यूटन बॉईज हा रिचर्ड लिंकलेटरचा १९९८ चा हॉलिवूडपट. टेक्सासच्या उवाल्डे भागातल्या विलिस, डॉक, जेस आणि जो या चार सख्ख्या भावांनी साधारण १९१९ ते १९२४ या काळात बँका फोडल्या, त्याची ही खरी गोष्ट. विलिस झालाय मॅथ्यू मॅकॉनहे, जेस इथन हॉक, जो स्कीट उलरिच, डॉक व्हिन्सेंट डोनोफ्रिओ, आणि स्फोटकांचा उस्ताद ग्लासकॉक म्हणजे कंट्री गायक ड्वाइट योकम.

याला वेस्टर्न (घोड्यांवरच्या काउबॉय-दरोडेखोरांचा पिक्चर) म्हणायचं की गँगस्टरपट यावर दोन मतं पडतात, कारण काळ मोटारींचा आहे. पण कापसाच्या शेतात राबून वैतागलेली गावाकडची पोरं आणि शेवटी ट्रेनवरचा दरोडा बघता वेस्टर्न म्हणणंच जास्त बरोबर वाटतं.

खरी मजा तिजोऱ्यांमध्ये आहे. त्या काळी छोट्या गावांतल्या बऱ्याच बँकांत चौकोनी दाराच्या तिजोऱ्या असायच्या, आणि दार नि चौकटीमधली बारीक फट हाच त्यांचा कच्चा दुवा. रात्री आधी टेलिफोनच्या तारा कापायच्या, मग फटीभोवती मऊ साबणाचा बांध घालून वर छोटी वाटी करायची, त्यात नायट्रोग्लिसरीन ओतायचं, ते झिरपत आत उतरलं की उडवायचं. गोल दाराच्या तिजोऱ्या आल्या आणि ही विद्या संपली, त्यांचं दार इतकं घट्ट बसायचं की थेंबसुद्धा आत शिरत नसे. टोळी ट्रेनकडे वळली त्यामागचं हे कारण पिक्चरने नीट धरलंय.

ऐंशीच्या वर बँका आणि सहा ट्रेन हा आकडा सगळीकडे दिसतो, पण तो मुख्यतः भावांच्याच म्हातारपणच्या बोलण्यातून आलाय, त्यामुळे ‘सांगितलं जातं’ एवढंच म्हणावं. शिकागोजवळच्या राँडाउटला १२ जून १९२४ ला टपालाची ट्रेन लुटली त्या लुटीचंही तसंच, कुणी ३० लाख डॉलर म्हणतं, कुणी २० लाख, २० लाखांच्या पुढे म्हणणं सुरक्षित. तिथे अंधारात ग्लासकॉकने डॉकलाच परका समजून गोळ्या घातल्या, जखमी डॉकवर शिकागोत उपचार करायला गेले आणि सगळं उघड झालं. टपाल खात्याचा इन्स्पेक्टर विल्यम फेही आतून फितूर होता, त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली, भाऊ मात्र त्यामानाने स्वस्तात सुटले.

पिक्चरच्या हलक्याफुलक्या सुरावर टीका होते, पण तो सूर दिग्दर्शकाने वरून चिकटवलेला नाही. बँकांचा विमा असतो, आपण कुणाला ठार मारलं नाही, असं विलिस स्वतः मनापासून सांगायचा. ठार नाही हे खरं, पण १९२३ ला टोरंटोत बँकेच्या माणसांना गोळ्या लागल्या होत्या, हे विसरायचं नाही.

बाईमाणसांना जागा कमी आहे, त्यातल्या त्यात जुलियाना मार्गुलीजने केलेली विलिसची प्रेयसी लुईस लक्षात राहते. संगीत बॅड लिव्हर्स आणि एडवर्ड बार्न्स यांचं. तिकीटबारीवर पिक्चर पडला.

शेवटची नावं सरकताना मात्र जागेवरून उठू नये. ऐंशी उलटलेला खरा विलिस जुन्या मुलाखतीत तावातावाने बोलतो आणि म्हातारा जो जॉनी कार्सनच्या टीव्ही शोमध्ये बसून ट्रेन कशी लुटली ते सांगतो, आणि दोघांचं बोलणं तंतोतंत पिक्चरमधल्या पोरांसारखं आहे.