योनिमार्गाचा कवकसंसर्ग (कँडिडिआसिस)

योनिमार्ग व बाह्य जननांग यांच्या श्लेष्मकलेवर (ओलसर आतील अस्तरावर) कँडिडा या प्रजातीतील किण्वसदृश कवकांची (बुरशीची) अतिवाढ होऊन उद्भवणारा दाह. बहुतेक रुग्णांत कँडिडा अल्बिकन्स ही जाती आढळते. तीव्र खाज, लाली, लघवी करताना बाहेरच्या त्वचेची आग, संभोगाच्या वेळी वेदना आणि दह्याच्या चोथ्यासारखा घट्ट, बहुधा दुर्गंधीरहित स्राव ही लक्षणे आहेत. सुमारे 75 टक्के स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, असे सामान्यतः मानले जाते. तो लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगांत मोडत नाही, आणि तो झाला यावरून स्त्रीच्या वर्तनाविषयी किंवा स्वच्छतेविषयी कोणताही निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे.

‘अंगावर पांढरे जाणे’, ‘धुपणी’ व ‘श्वेतप्रदर’ हे मराठीतील रूढ शब्द लक्षणाची नावे आहेत, रोगाची नव्हेत. पाळीच्या मध्यावर किंवा गरोदरपणी येणारा प्राकृत स्राव, जीवाणुजन्य योनिदोष, ट्रायकोमोनास या आदिजीवाचा संसर्ग आणि कवकसंसर्ग या साऱ्यांना एकच नाव पडल्याने उपचारांत मोठा घोटाळा होतो. परळ परिसरातील बाह्यरुग्ण विभागात केसपेपर हातात धरून उभी असलेली स्त्री आवाज खाली आणून ‘अंगावरून जातंय’ एवढेच सांगते. खाज आहे का, वास येतो का, हे विचारल्याशिवाय कळत नाही. पांढरे गेल्याने हाडे झिजतात, ही समजूत निराधार आहे.

प्राचीन भारतीय वैद्यकातील या विकाराच्या ओळखीविषयी मतभेद आहेत. बृहत्त्रयीत (चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या ग्रंथांत) श्वेतप्रदर हा स्वतंत्र रोग म्हणून येत नाही. ‘प्रदर’ शब्दाचा रोख तेथे मुख्यतः रक्तस्रावाकडे आहे आणि श्वेतप्रदर हे नाव शार्ङ्गधरसंहिता, भावप्रकाश यांसारख्या नंतरच्या ग्रंथांत स्थिरावलेले दिसते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात 20 योनिव्यापदे (योनीचे विकार) वर्णिली असून त्यांपैकी कफजा योनी ही बुळबुळीत, थंड व खाजयुक्त सांगितली असल्याने काही वैद्य तिचे प्रस्तुत विकाराशी समीकरण मांडतात. इतर काही अभ्यासक ‘उपप्लुता’कडे बोट दाखवतात, कारण ती गर्भिणीस कफकर आहाराने होते व तीत पांढरा स्राव जातो, असे मूळ वचन आहे आणि गरोदरपणी हा संसर्ग अधिक आढळतो, या आजच्या निरीक्षणाशी ते जुळते. ‘अचरणा’ या व्यापदात योनी न धुतल्याने जंतू होऊन खाज सुटते, असे म्हटले आहे, परंतु ते जंतू म्हणजे कवक असे म्हणण्यास आधार नाही. तिन्हींपैकी उपप्लुतेचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. तरीही लक्षणांवर उभारलेल्या वर्गीकरणाचे सूक्ष्मजीवांवर उभारलेल्या वर्गीकरणाशी एकास एक नाते जोडणे धोक्याचेच आहे.

यूरोपात याच कवकामुळे मुखात उठणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांचे वर्णन हिपॉक्राटीझच्या परंपरेतील लेखनापर्यंत मागे जाते. 1839 मध्ये लांगेनबेक यांनी अशा चट्ट्यांत कवक पाहिले, पण त्याचा संबंध रुग्णाच्या ज्वराशी जोडला. चट्ट्यांचे कारण कवकच असल्याचे 1846 च्या सुमारास बेर्ग यांनी दाखविले. योनिमार्गातील कवकसंसर्गाचे पहिले वर्णन विल्किन्सन यांचे (1849) मानतात. पुढे दीर्घकाळ ‘मोनिलिया’ हे प्रजातिनाम चालले आणि त्यावरून ‘मोनिलिआसिस’ हा शब्द वैद्यकात मुरला. 1923 मध्ये क्रिस्तीन बेरखाउट यांनी कँडिडा ही प्रजाती वेगळी केली. कँडिडा म्हणजे शुभ्र व अल्बिकन्स म्हणजे पांढुरके होणारे, अशी या नावात द्विरुक्ती आहे.

हे कवक अनेक निरोगी स्त्रियांच्या योनिमार्गात कोणताही त्रास न देता राहते. अशा वेळी उपचाराची गरज नसते. प्रतिजैविकांमुळे योनिमार्गातील लॅक्टोबॅसिलस हे हितकर जीवाणू घटणे, अनियंत्रित मधुमेह, गर्भारपण, स्टेरॉइडे व प्रतिकारक्षमतेचा ऱ्हास यांमुळे अतिवाढीस वाव मिळतो. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक त्यास पोषक असल्याने मुलींना पाळी येऊ लागण्याच्या वयापूर्वी व रजोनिवृत्तीनंतर हा विकार तुलनेने कमी दिसतो. मुंबईच्या पावसाळ्यात दिवसभर अंगावर राहणाऱ्या ओल्या कपड्यांनी जांघेतील त्वचेचा त्रास वाढतो, यात शंका नाही. योनिमार्गाच्या संसर्गाशी कपड्यांचा संबंध मात्र तितका निर्णायकपणे सिद्ध झालेला नाही.

निदानासाठी कापसाच्या बोळ्याने घेतलेला स्राव काचपट्टीवर पसरून त्यावर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडतात. शरीराच्या पेशी विरघळून दिसेनाशा होतात आणि कळ्या फुटलेल्या गोल किण्वपेशी व गाठी मारलेल्या दोरीसारखे छद्मकवकतंतू उरतात. योनिमार्गाचे पीएच मूल्य (आम्लतेचे माप; जितके कमी तितकी आम्लता अधिक) या संसर्गात सहसा 4.5 पेक्षा कमीच राहते. जीवाणुजन्य दोषात ते वाढते. केवळ लक्षणांवरून स्वतः केलेले निदान वारंवार चुकते, म्हणून ही पाच मिनिटांची तपासणी टाळू नये. शासकीय सुरक्षा क्लिनिकांत (लैंगिक व प्रजननमार्गाच्या संसर्गांवर उपचार करणाऱ्या केंद्रांत) लक्षणाधारित पद्धतीने हिरव्या रंगाचा औषधसंच देतात. त्यात कवकावरील फ्लुकोनाझोलबरोबर जीवाणुजन्य दोष व ट्रायकोमोनास यांवरील सेक्निडाझोल असल्याने या साऱ्या शक्यता झाकल्या जातात.

साध्या संसर्गात क्लोट्रिमाझोल या कवकनाशकाच्या योनिमार्गात ठेवण्याच्या गोळ्या किंवा फ्लुकोनाझोलची 150 मिग्रॅ.ची एक मात्रा पुरते. गरोदरपणी पोटातून औषध न देता 7 दिवस स्थानिक औषध वापरतात. तेलकट आधाराच्या मलमांनी निरोध कमकुवत होतो. औषधाच्या दुकानातून मागून आणलेली, स्टेरॉइड मिसळलेली मलमे खाज तात्पुरती दाबतात आणि विकार लांबवितात. ती या जागी लावू नयेत. साबणाने किंवा जंतुनाशकाने आतून धुणेही हानिकारक आहे. पतीवर सरसकट उपचार करावे लागत नाहीत.

वर्षात तीन किंवा अधिक वेळा (जुन्या व्याख्येनुसार चार) संसर्ग झाल्यास तो पुनरावर्ती समजतात. तेव्हा रक्तशर्करा तपासून स्रावाचे संवर्धन करतात (त्यातील कवक प्रयोगशाळेत वाढवून त्याची जाती ओळखतात). सुरुवातीच्या उपचारानंतर फ्लुकोनाझोल आठवड्यातून एकदा असे 6 महिने देतात. कँडिडा ग्लाब्राटा या जातीवर ते अनेकदा निष्प्रभ ठरते. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली 600 मिग्रॅ. बोरिक आम्लाच्या कॅप्सूल योनिमार्गात ठेवतात; त्या तोंडाने घेतल्यास विषारी असून गरोदरपणी वर्ज्य आहेत.